रजेवर आलेला माणूस

बाई आली ती मधल्या सुट्टीत. कोर्टासमोरच्या ऑफिसात मी डबा उघडून बसलो होतो. तिनं चपला बाहेर काढल्या, चौकटीला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, “वकीलसायेब, मला वळखलं न्हाई तुमी.” खरंच ओळखलं नव्हतं. मग तिनं गावाचं नाव सांगितलं आणि ‘बांध’ एवढा एकच शब्द उच्चारला. बांध म्हटल्यावर सगळं आठवलं.

दोन शेतांमधला हातभर रुंदीचा बांध कुणी कोरला, यावरून सकाळी शिवीगाळ झाली आणि संध्याकाळी कुऱ्हाड निघाली. गेला तो हिचा नवरा. जन्मठेप झाली तो माझा पक्षकार. खटल्यात तिची उलटतपासणी मीच घेतली होती. तेव्हा ती विशीतली पोर होती. पिंजऱ्यात उभी राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि माझ्या प्रश्नांना “व्हय” नाहीतर “आठवत न्हाई” म्हणायची. आता कानाजवळचे केस पांढरे झाले होते आणि बोटाला काही गुंडाळलेलं नव्हतं.

“ताई, बसा,” मी म्हणालो. ती बसली नाही.

“त्येला सोडलाय न्हवं?”

“सोडला नाही. रजेवर आलाय. मुदत संपली की परत जाईल.”

“काल दळाण घिऊन गिरणीत गेल्ते. नंबर लावला आनि म्होरं बगतीय तर त्यो. माज्या म्होरल्याच नंबरला, डबा घिऊन उबा.” थोडं थांबून म्हणाली, “त्येनं मान खाली घातली. म्या दळाण तितंच टाकून घरी आले. सोडायचा तर सोडा, सरकारचं सरकार जाणं. पर मला कुणी सांगाया नगं व्हय?”

खटला चालवणारे सरकारी वकील केव्हाच बदलून गेले होते. गावात कुणीतरी तिला म्हणालं असणार, अर्ज कुणी केलाय त्यालाच जाऊन विचार. अर्ज मीच केला होता.

शिक्षा भोगणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोन प्रकारची रजा मिळते. संचित रजा, म्हणजे फर्लो. आणि अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. पॅरोलला कारण लागतं: घरात मयत, आजारपण, लग्नकार्य. फर्लोला कारण लागत नाही. शिक्षेचा ठरलेला भाग भोगून झाला, वागणूक नीट राहिली, की माणसानं काही दिवस घरी जावं, पोराबाळांत बसावं, बाहेरच्या जगाची सवय मोडू देऊ नये, एवढाच तिचा हेतू. फर्लोचे दिवस शिक्षेत धरतात, पॅरोलचे धरत नाहीत. नियम १९५९ चे, मुंबई राज्याच्या काळातले, दुरुस्त्या होत होत आजवर चालत आलेले. नात्यातला जामीनदार लागतो आणि गावाकडच्या पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो. या अहवालात बहुतेक वेळा एकच वाक्य असतं: बंदी रजेवर आल्यास गावात शांततेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही. नावगाव बदलायचं, वाक्य तेच. असल्या साच्यातल्या अहवालावर नाकारलेली रजा उच्च न्यायालयात बऱ्याचदा मिळून जाते, हे आम्हा वकिलांना पाठ असतं. या वेळीही तसंच झालं होतं.

रात्री घरी मी ती फाइल काढली. मसुदा चांगला होता. कारागृहात सुतारकामात हात बसलेला, एकदाही शिस्तभंग नाही, आई सत्तरीच्या पुढं, जामीनदार सख्खा चुलता. सहा पानांत त्या बाईचा उल्लेख एकदाच होता, ‘मयताची पत्नी’ असा, आणि तोही खटल्याची हकिगत सांगण्यापुरता. पोलिसांच्या अहवालात सरपंचाचा जबाब होता, पोलीस पाटलाचा होता, एका शेजाऱ्याचा होता. तिचा नव्हता. तिच्या दारात कुणी गेलंच नव्हतं. रजा नाकारणाऱ्यांनी तिला विचारलं नाही आणि रजा मागणाऱ्यानंही विचारलं नाही. आमच्यात भांडण होतं, पण एवढ्यापुरतं एकमत होतं.

तीस वर्षं आरोपींच्या बाजूनं उभा राहिल्यामुळे माझी गणना आपोआप ‘दयावंतां’मध्ये होते. समोरचा तट मला परका नाही, तो माझ्या घरी सणावाराला जेवायला येतो. माझे मेहुणे निवृत्त मुख्याध्यापक. “तुम्ही सोडवून आणायचे आणि आम्ही कड्या लावून बसायचं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी त्यांना कलमं सांगतो, ते मला बातम्या सांगतात. निवडणूक आली की हेच भांडण माइकवरून चालतं. एक म्हणतो, यांच्या राज्यात गुंडांचे लाड चाललेत. दुसरा म्हणतो, यांच्या राज्यात गरीब आत सडतोय. दोघांनाही टाळ्या पडतात. गिरणीतल्या त्या प्रसंगानंतर मात्र हे भांडण ऐकताना माझं लक्ष भलतीकडे जाऊ लागलं. सोडलं की टांगलं, यापेक्षा निर्णय कुणी घेतला, कारण कुठं लिहिलं, आणि ज्याचं माणूस गेलं त्याला ते कुणी वाचून दाखवलं का, हे मी शोधायला लागलो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि २० तारखेला लोक रेल्वे रुळांवर उतरले. लोकल तासन्‌तास ठप्प. फलकांवर फाशीची मागणी. मी टीव्हीसमोर बसून चरफडत होतो, की खटला नाही, पुरावा नाही आणि थेट फाशी? मग सविस्तर वाचलं. पालक तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेले तेव्हा त्यांना कित्येक तास ताटकळत ठेवलं होतं. गुन्हा नोंदवायला उशीर का केला म्हणून उच्च न्यायालयानंही नंतर पोलिसांना खडसावलं. म्हणजे फलकावर फाशी असली तरी पोटातली आग ‘आमचं कुणी ऐकून घेतलं नाही’ ही होती. तिला उत्तर काय मिळालं? २३ सप्टेंबरला आरोपीला घेऊन निघालेल्या पोलीस गाडीत गोळी झाडली गेली आणि तो मेला. ‘बदला पुरा’ असे फलक झळकले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांना त्या मृत्यूबद्दल जबाबदार धरल्याचं २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयापुढे आलं.

फौजदारी वकिलाला यात एक गोष्ट दिसते, ती गर्दीला दिसत नाही. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला तिथंच संपतो. मग साक्षीदार बोलवायचे नाहीत, उलटतपासणीत कुणी अडखळायचं नाही, कुठल्या कपाटातली नोंदवही मागवायची नाही. कुणी काय पाहिलं, कुणी पाहूनही तोंड फिरवलं, हे त्या खटल्याच्या ओघात जेवढं बाहेर आलं असतं तेवढं आता येणं कठीण. माणूस मारून ज्यांना आपण कडक वागल्यासारखं वाटलं, त्यांनी कितीतरी जणांना पिंजऱ्यात उभं राहण्यापासून वाचवलं. यालाही सवलतच म्हणायला हवं. कडक कायद्यांचंही असंच काहीसं होतं. २०२१ च्या डिसेंबरात आपल्या विधिमंडळानं ‘शक्ती’ विधेयक मंजूर केलं, अत्याचाराच्या गुन्ह्यांत फाशीपर्यंतची तरतूद, तपासाच्या मुदती, बरंच काही. राष्ट्रपतींची मोहोर त्यावर उमटली नाही. पण ठाण्यात आलेल्या आईची तक्रार त्याच दिवशी लिहून घ्यायला कुठल्या नव्या कायद्याची गरज होती?

बदलापूरच्या आधी, २०२४ च्याच मे महिन्यात, पुण्यात उलट्या दिशेनं गदारोळ उठला. १९ तारखेच्या पहाटे कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलानं चालवलेल्या पोर्शे गाडीनं दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना चिरडलं. बाल न्याय मंडळानं त्याच दिवशी जामीन दिला. अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध. तो निबंध देशभर गाजला. मेहुण्यांचा फोन आला, “मी चाळीस वर्षं निबंध तपासले, पण खुनावर निबंध पहिल्यांदाच ऐकतोय.” मी त्यांना शांतपणे समजावलं. अठराच्या आतल्या मुलाला जामीन देणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १२ चा नियमच आहे. प्रौढ म्हणून खटला चालवायचा तर त्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा लिहिलेली असावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं; सदोष मनुष्यवधाला तशी किमान शिक्षा नाही. ओरड झाल्यावर मंडळानं त्याला निरीक्षणगृहात पाठवलं, पण जूनच्या २५ तारखेला उच्च न्यायालयानं त्याला बाहेर काढलं तेही कायद्याच्या आधारानंच. पुढं २०२५ मध्ये प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणीही फेटाळली गेली.

“बरं,” मेहुणे म्हणाले, “आणि रक्त?”

रक्ताचं माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलाच्या रक्ताचा नमुना सरकारी रुग्णालयात बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना आणि आईवडिलांना अटक झाली होती. मुलाला जामीन मिळाला तो कायद्यानं दिलेला. नमुना बदलण्याचा आरोप खरा ठरला, तर ती दुसरी सवलत पैशानं विकत घेतलेली. लोकांनी दोन्हींची एकच मोट बांधली आणि निबंधाला जोडे मारले. कायदा जाणणाऱ्यांना हे अडाणीपणाचं वाटलं. मला तितकंसं वाटत नाही. माझ्या कामात बाल न्याय मंडळापुढं मी ऊसतोड मजुरांची पोरं पाहिली आहेत, दुचाकी पळवलेली, मोबाइल उचललेली. जामीन त्यांनाही मिळतो, कलम १२ तेच. पण ताब्यात घ्यायला बाप यावा लागतो, आणि बाप दोनशे किलोमीटरवर कुणाच्या तरी फडात कोयता चालवत असतो. ते पोरगं मग बाप येईपर्यंत निरीक्षणगृहात. निबंध लिहायला त्याला कुणी सांगत नाही.

मोठ्यांचंही तसंच. एकोणीस वर्षांचा एक पोरगा माझ्याकडे होता, विहिरीवरची मोटार चोरल्याचा आरोप. पंधरा हजारांच्या जामिनावर सोडण्याचा हुकूम पहिल्या महिन्यातच झाला. हुकूम झाल्यावर तो साडेचार महिने आत होता. जामीनदाराला सात-बारा लागतो. उताऱ्यावर त्याचं नाव हवं, सोसायटीचा बोजा नको, उतारा ताजा हवा, कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. त्याच्या आईकडे रेशनकार्ड होतं. कोर्टाच्या आवारात झेरॉक्सच्या टपरीपाशी भाड्यानं उभे राहणारे जामीनदार असतात, एकच उतारा चार प्रकरणांत फिरवणारे. त्यांचा दर तिला परवडणारा नव्हता आणि मी त्या वाटेला जात नाही. दर तारखेला ती माउली मला विचारायची, “सायबांनी सोडा म्हटलंय न्हवं? मग सोडत का न्हाईत?” तिला वाटायचं, मी काहीतरी लपवतोय. अखेर रोख अनामत भरायची परवानगी मागितली. तिनं दोन शेळ्या विकल्या. पुढं खटल्यात पंच फिरले आणि पोरगा निर्दोष सुटला. शेळ्यांचं काय झालं ते कुठल्या निकालपत्रात येत नाही.

हे सगळं कायद्याला ठाऊक नाही असं नाही. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं होतं: दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो जामीनदार चालत नव्हता. २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सांगितलं, की जामीन मंजूर होऊनही आत राहिलेल्यांचा शोध घ्या, अटी सैल करा. जास्तीत जास्त शिक्षेची निम्मी मुदत आतच गेली तर कच्च्या कैद्याला सोडावं, ही तरतूद २००५ च्या दुरुस्तीनं आली. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्यासाठी ती एक तृतीयांशावर आली. तरीही देशातल्या तुरुंगांत चारांतले जवळपास तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे अजून दोषी ठरलेले नाहीत. मेहुण्यांना हा आकडा मी दर दिवाळीत सांगतो. तेही दर दिवाळीत म्हणतात, “मग त्यांना सोडा ना, तुम्ही भलत्यांना सोडता.”

भलत्यांना सोडलं जातं, हे मला नाकारता येत नाही. २००२ च्या दंगलीत बिल्किस बानोवर सामूहिक बलात्कार आणि तिच्या कुटुंबीयांच्या हत्या झाल्या. गुजरातेत निःपक्ष खटला होणार नाही म्हणून तो मुंबईत चालला आणि २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयानं अकरा जणांना जन्मठेप दिली. १५ ऑगस्ट २०२२ ला गुजरात सरकारनं त्या अकराही जणांना शिक्षामाफी देऊन गोध्र्याच्या तुरुंगातून सोडलं. दाराबाहेर हार घातले गेले, पेढे भरवले गेले. मुंबईच्या न्यायाधीशांचं मत प्रतिकूल होतं. बिल्किस बानोंना आधी कुणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ती माफी रद्द केली. कारण साधं होतं, शिक्षा महाराष्ट्रात झाली, तेव्हा माफीचा विचार करण्याचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा, गुजरातचा नव्हे. ज्यांना अधिकारच नव्हता त्यांनी औदार्य दाखवलं होतं. हरियाणातल्या डेऱ्याचा प्रमुख गुरमीत राम रहीम २०१७ पासून शिक्षा भोगतोय. २०२४ च्या ऑक्टोबरात विधानसभेच्या मतदानाला तीन दिवस असताना तो पॅरोलवर बाहेर होता, आणि ती पहिली वेळ नव्हती. माझ्या सुताराच्या एका रजेला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली होती.

गावात अजूनही जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं अशी समजूत आहे. गांधीहत्येच्या खटल्यातल्या गोपाळ गोडसेनं याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती, की माफीचे दिवस धरता माझी शिक्षा संपली. १९६१ मध्ये न्यायालयानं सांगितलं, जन्मठेप म्हणजे उरलेला जन्म. त्याआधी सोडायचं की नाही हे सरकारनं ठरवायचं. तो आणि त्याचे दोन साथीदार १९६४ च्या ऑक्टोबरात सुटले. पुढच्याच महिन्यात पुण्यात त्यांच्या सुटकेनिमित्त पूजा आणि सत्कार झाला, त्यात कुणीतरी बोलून गेलं की गांधीजींना मारायचा बेत आपल्याला आधी कळला होता, त्यावरून संसदेत वादळ उठलं आणि अखेर कपूर आयोग बसला. जवळपास साठ वर्षांच्या अंतरावरचे हे दोन हार मला एकमेकांशेजारी ठेवावेसे वाटतात. सोडण्यावर मी एक वेळ वाद घालीन. सोडलेल्याच्या गळ्यात हार पडतो तेव्हा मात्र शिक्षेचं कारणच कुणीतरी खोडून टाकलेलं असतं.

बाई येऊन गेली त्याच हिवाळ्यात विधी सेवा शिबिराच्या निमित्तानं मी स्वतंत्रपूरला गेलो. आटपाडीजवळची ही खुली वसाहत १९३९ सालची, औंध संस्थानातली. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा अभियंता, गांधींच्या सहवासात राहिलेला, भारतानंद या नावानंही ओळखला जाणारा. त्याच्या आग्रहावरून औंधच्या पंतप्रतिनिधींनी खुनाच्या शिक्षेवरच्या माणसांना भिंतीबाहेर काढून माळावर शेती करायला लावलं. व्ही. शांतारामांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ यावरूनच सुचलेला. त्याची कथा लिहिणारे गदिमा याच मुलखातले. सिनेमातला जेलर सगळ्यांना आठवतो. तिथं प्रत्यक्ष गेल्यावर मला आठवत राहिली ती मक्याच्या सरीत पाणी सोडणारी एक पाठ. बायको घरासमोर शेंगा फोडत होती, मुलगी पायरीवर पाढे लिहीत होती. कुंपण म्हणावं असं काही दिसलं नाही.

तो फावडं टेकवून बोलायला थांबला. “आत हुतो तवा भिंतीकडं बगून रोज पळायचं डोक्यात यायचं,” म्हणाला. “हितं भिंत न्हाई, संध्याकाळची हजेरी हाय. हजेरीला चार मिन्टं उशीर झाला तरी आता माझंच मला कसंतरी हुतं.” शिबिरात भाषण करताना हे वाक्य सांगायला किती छान आहे, असं माझ्या मनात आलंही. पण गिरणी डोक्यातून जात नव्हती. मी विचारलं, “ज्यांचं माणूस गेलं, त्यांच्याकडचं कुणी कधी भेटलं?”

त्यानं पाण्याकडे बघितलं. दार फोडून सरी दुसरीकडे वळवली. “त्यास्नी काय त्वांड दावायचं, सायेब,” एवढंच म्हणाला. त्याची हजेरी सरकार रोज घेत होतं, आणि तो ती इमानानं देत होता. तिकडच्या घरात ती हजेरी कधी पोचली नव्हती. ऐंशीहून जास्त वर्षं चाललेल्या, मला मनापासून आवडणाऱ्या त्या प्रयोगातली ही उणीव मला आधी कधी दिसली नव्हती.

कागदावर आता बरंच बदललंय. तपासापासून अपिलापर्यंत, जामिनाच्या वेळीसुद्धा, पीडिताला आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये लखीमपूर प्रकरणात सांगितलं. तपास कुठवर आला हे तक्रारदाराला नव्वद दिवसांत कळवावं, असं नव्या संहितेत आहे. रजेचा विषय निघाला की मात्र हा हक्क गावच्या वेशीपर्यंत येऊन थांबतो, निदान माझ्या अनुभवात.

पुढल्या वर्षी माझ्या पक्षकाराची रजा पुन्हा आली. अर्ज लिहिताना मी चुलत्याला आणि म्हाताऱ्या आईला ऑफिसात बोलावलं. म्हटलं, या वेळी त्या बाईला आधी कळवायचं, आणि ते मी तुमच्या परवानगीशिवाय करणार नाही. चुलता लगेच उसळला, “तिला कशाला? ती गावभर करंल, अर्ज मोडंल.” त्याचं चूक नव्हतं, वकील म्हणून मीही दुसऱ्याला हाच सल्ला दिला असता. म्हातारी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सांगा तिला. म्या तिच्या दारावरनं पान्याला जाती, रोज त्वांड फिरवती ती. सांगा.” कारागृहातल्या मुलाखतीत त्यालाही विचारलं. त्यानं मान हलवली.

मी बाईला फोन केला. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, “किती दिस?” मी सांगितलं. “मग म्या त्या दिसांत भावाकडं जाती.” आणि गेली. अर्ज मोडायला कुठं गेली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. रजेत त्यानं घरी यायचं, आणि त्यासाठी आपलं घर सोडून तिनं जायचं, हे मला खुपत होतं. पण त्यावर माझ्याजवळ उपाय नव्हता.

तिसऱ्या खेपेला फोन केला तो ऑक्टोबरात. पलीकडून मळणीयंत्राचा आवाज येत होता. ती आधी आवाजापासून बाजूला गेली असावी.

“अवंदा म्या कुटं जात न्हाई,” म्हणाली. “भुईमूग काढायचाय. त्येला म्हनावं, वड्याकडच्या वाटेनं जा. माज्या दारावरनं नगं. आनि गिरणीला बेस्तरवारी जाऊ नगं, बेस्तरवारी म्या असती.”

मी ते अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं. ओढ्याची वाट. गुरुवारी गिरणी नाही. चुलत्याला वाचून दाखवलं, त्यानं डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, “हे कोर्टानं सांगितलंय का?”

“नाही,” मी म्हणालो. “तिनं सांगितलंय.”

रजा संपवून तो ठरल्या दिवशी परत गेला. म्हातारी सांगत होती, तीन आठवडे ओढ्याच्या काट्याकुट्यातनं जायचा, चांगला फर्लांगभर वळसा.